वारा, वणवा आणि इशारा : कुमाऊंचा शंभर वर्षांचा धडा

उत्तराखंडाच्या पहाडी जिल्ह्यांत सरकारी वर्षाला स्वतःचे असे एक पंचांग आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने तेथे ‘फायर सीझन’ म्हणून ओळखले जातात. आपण ज्याला वणवा म्हणतो, त्याच्यासाठी जणू राखून ठेवलेले हे महिने. या काळात सकाळी टेबलावर येणाऱ्या कागदांत हवामानाचे पत्रक सर्वांत आधी वाचले जाते. शेवटचा पाऊस कधी पडला, दुपारी पारा किती चढेल, हवेत ओलावा किती उरला आहे आणि वारा कोणत्या दिशेने, किती वेगाने वाहील, एवढ्या चार गोष्टी त्यात पाहायच्या असतात. मी महसुली प्रशासनातला माणूस, वनसेवेतला नव्हे. तरीही सेवेतील काही वर्षे या मुलुखात गेल्याने अशी पत्रके मी पुष्कळ वाचली व त्यांवर सह्याही केल्या. त्या सह्या करताना एक प्रश्न मनात हळूहळू पक्का होत गेला. जोराच्या वाऱ्याचा आणि वणव्याच्या धोक्याचा हा इशारा नेमका कोणासाठी असतो? तो वाचून धावणारा माणूस कोण, आणि तो कोणाच्या भरवशावर धावतो? या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्रात सापडत नाही, ते प्रशासनाच्या इतिहासात सापडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वणव्याचे गणित पाहू. हिमालयाच्या मधल्या उंचीवर, साधारणपणे हजार ते दोन हजार मीटरच्या पट्ट्यात, चीड वृक्षांची विस्तीर्ण वने आहेत. मार्चपासून या झाडांच्या सुईसारख्या पानांचा सडा जमिनीवर पडू लागतो. त्याला तेथे पिरूल म्हणतात. या पानांत राळ असल्याने वाळलेले पिरूल ठिणगी लागताच पेटते. हिवाळ्यात पश्चिमी झंझावातांनी पुरेसा पाऊस व बर्फ दिले, तर जमिनीतील ओल एप्रिलपर्यंत टिकते. ते न आल्यास मार्चमध्येच रान कोरडे पडते. डोंगराळ प्रदेशात दिवसा तापलेली हवा दरीतून वर चढते आणि आगही तिच्यासोबत वर चढते. उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा वणवाशास्त्रातील ढोबळ नियम आहे. म्हणजे तीस अंशांच्या चढावर ती सपाटीच्या आठपट वेगाने धावू शकते. त्यात वाऱ्याची साथ मिळाली की माणसाच्या पायांचा हिशेब संपतो. हे सर्व ज्ञान आज पाठ्यपुस्तकात आहे. परंतु ते गावकऱ्यांना पूर्वीही होते.

वणव्याविरुद्ध सरकारी मोहीम भारतात प्रथम यशस्वी झाली ती मध्य प्रांतात. सातपुड्यातील होशंगाबाद जिल्ह्याच्या बोरी अरण्यात १८६० च्या दशकाच्या मध्यास कर्नल पिअर्सन या वनाधिकाऱ्याने जाळरेषा काढून व राखणदार नेमून काही काळ आग आत येऊ दिली नाही. तोवर हिंदुस्थानातील रान दरसाल जळणारच, अशी बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांचीही समजूत होती. बोरीच्या प्रयोगाने ती ढासळली. १८६४ साली डीट्रिख ब्रांडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि अग्निसंरक्षण हे नव्या वनखात्याच्या कर्तबगारीचे माप ठरले. किती चौरस मैल रान आगीपासून वाचवले, याचे तक्ते वार्षिक अहवालांत छापले जाऊ लागले.

तक्त्यांना मात्र एक खोड असते. ते जे मोजतात तेच खरे वाटू लागते. ब्रह्मदेशातील सागवानाच्या वनांत आग पूर्ण थांबवल्यावर बांबू व इतर झाडोरा इतका माजला की सागाची रोपे उगवेनात. १८९६ साली स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या खात्याच्याच नियतकालिकात ब्रह्मदेशात अग्निसंरक्षणाचा अतिरेक होत असल्याचे उघडपणे लिहिले. सालवृक्षाच्या वनांतही पुढे तसाच अनुभव आला. योग्य वेळी, थंड हवेत, वारा पडलेला असताना लावलेली हलकी आग मोठ्या वणव्याला खाद्य उरू देत नाही, ही गोष्ट डोंगरातील गुराख्याला ठाऊक होती. खात्याला ती मान्य करायला काही दशके लागली.

याच काळात हवामानखातेही आकार घेत होते. १८७५ साली त्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. बंगालच्या उपसागरातील वादळे आणि पावसाने दिलेला दगा ही त्याची मुख्य चिंता होती. म्हणजे हवेकडे पाहणारे खाते एका इमारतीत आणि रानाकडे पाहणारे दुसऱ्या. ज्याच्या गुरांना त्या रानातले गवत हवे होते, तो माणूस मात्र दोन्ही इमारतींच्या बाहेर उभा होता.

या बाहेरच्या माणसाला कायद्याने आत आणले, पण कसे? भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ आजही अमलात आहे. राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना काही हक्क वा सवलत आहे, त्यांनी त्या वनात आग लागल्याचे कळताच ती विझवली पाहिजे व पसरू पाहणारी आग रोखली पाहिजे, असे ते कलम सांगते. १८७८ च्या अधिनियमातही याच जातीची तरतूद होती. त्याच्या जोडीला कलम २६ आहे. त्यानुसार राखीव वनात कोणी जाणूनबुजून वा घोर निष्काळजीपणाने आग लावल्यास, त्या भागातील चराईचे व वनोपजाचे सारे हक्क सरकार काही काळ स्थगित करू शकते. सारांश, एकाने आग लावली तर गावाच्या गुरांचा चारा बंद. आणि आग कोणीही लावलेली असो, विझवायला हक्कदारांनी धावायचे. कायदा करणाऱ्यांना गावकऱ्यांच्या हातांची गरज पुरेपूर कळली होती. त्या हातांनी मनापासून का यावे, याचा विचार मात्र त्या कलमांत कोठेही दिसत नाही.

या विचाराअभावी काय होते, हे कुमाऊंने १९२१ साली दाखवून दिले. १८१५ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या या प्रदेशात १८९३ साली मोजणी न झालेली सर्व जमीन संरक्षित वन म्हणून घोषित झाली. पुढे १९११ ते १९१७ या काळात तिचा फार मोठा भाग राखीव वनांत गेला. गुरे किती चारायची, लाकूड कोणते तोडायचे, गवतासाठी जाळायचे की नाही, हे सर्व ठरवणारा वनरक्षक गावच्या वेशीवर येऊन बसला. नवे गवत जोमाने यावे म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी रानाचा काही भाग जाळण्याची पिढीजात रीत गुन्हा ठरली. त्यातच ‘कुली उतार’ ही वेठ होती. दौऱ्यावरच्या साहेबाचे सामान गावकऱ्यांनी आळीपाळीने वाहायचे आणि कोणाची पाळी कधी, याची नोंद गावच्या वहीत ठेवायची. १९२१ च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या सुमारास बागेश्वर येथे भरणाऱ्या उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या लोकांनी या वह्या सरयू आणि गोमती यांच्या संगमात बुडवल्या. वेठ संपली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात कुमाऊंची वने पेटली. दोन लाख एकरांहून अधिक राखीव क्षेत्र जळाले आणि बहुतांश आगी हेतुपुरस्सर लावल्याचा खुद्द सरकारचा संशय होता. रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वूड्स’ या १९८९ च्या ग्रंथात या प्रसंगाची मांडणी केली आहे. त्यांनी टिपलेली एक बाब फार बोलकी आहे. आगी लागल्या त्या प्रामुख्याने चीडच्या वनांना. या वनांतून सरकार लाकूड व राळ काढीत असे. बांज, म्हणजे पहाडी ओक, व इतर रुंद पानांच्या झाडांतून गावाला चारा, सरपण, पालापाचोळ्याचे खत आणि झऱ्यांचे पाणी मिळे. ती वने अशी जाळल्याचा पुरावा आढळत नाही. वारा तोच होता, उन्हाळाही तोच होता. जळणारे आणि वाचणारे रान यांतला फरक हवेने केला नव्हता, तो माणसांनी केला होता.

त्या वेळच्या प्रशासनाचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. केवळ खटले भरून ते थांबले नाही. कुमाऊंचे आयुक्त पर्सी विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली १९२१ सालीच वनविषयक तक्रारींची समिती नेमली गेली. तिने गावोगाव फिरून हजारो लोकांच्या साक्षी घेतल्या. व्यापारी मोल नसलेली, पण गावाच्या गरजेची वने वनखात्याकडून काढून महसुली प्रशासनाकडे द्यावीत, अशी तिची शिफारस होती आणि ती बऱ्याच अंशी अमलात आली. त्यातून १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले. गावाने आपले पंच निवडावेत, रानाची राखण करावी, चराईचे नियम ठरवावेत, दंड करावा, राखणदार नेमावा. सरकारने गमावलेला विश्वास अंशतः परत मिळवण्याची ही युक्ती होती. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. कायद्याच्या आधाराने उभी राहिलेली इतकी जुनी व इतकी मोठी ग्रामवनव्यवस्था देशात अन्यत्र क्वचितच आढळेल.

पुढची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९७६ च्या नियमांनी पंचायतींचे बरेच अधिकार पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेले. उत्पन्नातला वाटा, झाड तोडण्याची परवानगी, साधा हिशेबसुद्धा वरच्या संमतीवर अवलंबून राहिला. दरम्यान गावेही बदलली. मनीऑर्डरवर चालणारी घरे आधी पुरुषांविना झाली, नंतर कुटुंबेच मैदानात उतरली. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली, हे जनगणनेने नोंदवले आहे. रानात गुरे कमी, गवत कापणारे हात कमी, पडीक शेतांवर झुडपे वाढलेली आणि त्यावर पिरूलचा थर. कलम ७९ ज्याला धावायला सांगते, तो हक्कदार आता दिल्लीत वा हल्द्वानीत पहारेकऱ्याची नोकरी करीत असतो.

हे घडत असताना इशारा मात्र उत्तरोत्तर अचूक होत गेला. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्याच्या सूचना देऊ लागली. आरंभी एक किलोमीटरच्या चौकोनात कोठेतरी आग आहे, इतकेच कळे. २०१७ पासून वापरात आलेल्या नव्या संवेदकाने हा चौकोन ३७५ मीटरांवर आणला. सूचना भ्रमणध्वनीवर थेट नियतक्षेत्राच्या वनरक्षकापर्यंत पोहोचते. आग लागण्यापूर्वीचा धोका सांगण्यासाठी कॅनडात विकसित झालेल्या निर्देशांकाच्या धर्तीवर तापमान, ओलावा, वारा व पाऊस यांची सांगडही घातली जाते. पिअर्सनला हे पाहून भोवळ आली असती.

तरीही २०१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत उत्तराखंडातील चार हजारांहून अधिक हेक्टर रान जळाले. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी तलावांतून पाणी उचलून ओतले. २०२४ च्या उन्हाळ्यात तेच दृश्य नैनितालच्या परिसरात पुन्हा दिसले. त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुका होत्या. वनखात्याचे कर्मचारी आणि वाहने निवडणुकीच्या कामी का लावली, असा जाब मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला विचारला. कृत्रिम पावसावर वा पर्जन्यदेवतेवर विसंबणे हा उपाय नव्हे, असेही न्यायालयाने बजावले. धोक्याचे पत्रक वेळेवर निघाले होते; ते वाचून ज्याने डोंगर चढायचा, त्याची नेमणूक मतदान केंद्रावर होती. एकाच शासनाच्या दोन शाखा एकच मनुष्यबळ दोन ठिकाणी गृहीत धरतात, हा रोग आपल्या प्रशासनात जुना आहे. निवडणुकीची तारीख महिनाभर आधी कळते आणि फायर सीझनची तारीख तर पंचांगातच लिहिलेली असते.

१३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनखात्याच्या पथकाला वाऱ्याने भडकलेल्या ज्वाळांनी घेरले. चार जण जागीच मृत्युमुखी पडले, इतर होरपळले. मृतांत नियतक्षेत्राचा एक वनकर्मचारी होता, एक हंगामी फायर वॉचर होता, एक प्रांतीय रक्षक दलाचा जवान होता आणि एक रोजंदारीवरचा मजूर होता. वरिष्ठांवर निलंबनाची कारवाई झाली. ती योग्य की अयोग्य, हा वाद मी येथे घालत नाही. मला त्या चौघांची हुद्देवारी महत्त्वाची वाटते. १९२१ पूर्वी ज्या कामासाठी गावाला सक्तीने बोलावले जाई, ते काम आज हंगामी व रोजंदारीची माणसे करतात. त्यांना ना गावाचा पाठिंबा असतो, ना नियमित सेवेचे संरक्षण.

येथे इशाऱ्याचा दुसरा, सहसा न वाचला जाणारा अर्थ लक्षात येतो. जोराच्या वाऱ्याचे भाकीत आले की आपण ते ‘रानाला धोका’ असे वाचतो आणि जास्त माणसे रानात पाठवतो. वस्तुतः ते सर्वप्रथम ‘माणसाला धोका’ असे वाचले पाहिजे. अमुक वेगापलीकडे वारा गेला तर चढावर कोणीही जाणार नाही, माणसे खालच्या रस्त्यावर वा जाळरेषेवर थांबतील आणि रान जळाले तरी चालेल, असा लेखी आदेश देण्याची तयारी प्रशासनाने ठेवली पाहिजे. असा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या जळालेल्या हेक्टरांचा जाब विचारला जाईल, या भीतीने तो निघत नाही. स्लेडच्या काळातील तक्ता आजही आपल्या मानेवर बसला आहे.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या वाचकांना ७ फेब्रुवारी २००९ हा दिवस ठाऊक असेल. व्हिक्टोरिया राज्यात पारा ४६ अंशांपुढे गेला, वारे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहिले आणि संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलताच आगीची लांब कड हीच तिची नवी आघाडी बनली. १७३ माणसे गेली. आदल्या दिवशी खुद्द राज्याच्या प्रमुखांनी जनतेला अतिभयंकर दिवसाची पूर्वसूचना दिली होती. भाकीत चुकले नव्हते. परंतु त्या भाकिताचे ‘अमुक गावाने आता निघावे’ अशा आज्ञेत वेळेवर रूपांतर झाले नाही. त्यानंतर तेथे धोक्याच्या श्रेणींत सर्वांत वरची एक नवी पायरी जोडण्यात आली. तिचा अर्थ साधा होता : घर वाचवत बसू नका, आधीच निघून जा. श्रीमंत, सुसज्ज देशालाही हा धडा एवढी किंमत मोजूनच मिळाला.

आपल्याकडे या धड्याचे एक लहानसे, स्वदेशी रूप मला अल्मोड्याजवळच्या शीतलाखेत परिसरात दिसते. शेताच्या बांधावरील तोडलेल्या झुडपांना तेथे ‘ओण’ म्हणतात. ते वाळवून जाळायची पद्धत आहे आणि तीच ठिणगी पुष्कळदा रानात जाते. तेथील ग्रामस्थांनी, विशेषतः महिला मंगल दलांनी ठरवले की ओण जाळायचे काम ३१ मार्चपूर्वी, रान पुरते कोरडे होण्याआधी आणि वारे सुटण्याआधी आटोपायचे. १ एप्रिल हा दिवस ते ‘ओण दिवस’ म्हणून पाळतात. हवामानाचा इशारा येथे कागदावरून गावाच्या सणवारात उतरला आहे. आग लागलीच तर धावणाऱ्या स्त्रिया प्रथम आपले झरे वाचवायला धावतात. राज्य शासनानेही या प्रयत्नाची दखल घेऊन त्याचे अनुकरण इतरत्र व्हावे, असे ठरवले आहे. २०२४ च्या मे महिन्यात पिरूल गोळा करणाऱ्यास किलोला ५० रुपये देण्याची योजना जाहीर झाली. तीही याच दिशेची आहे. अट एकच : पैसे फायर सीझन संपल्यावर नव्हे, पिरूल तोलल्यावर हाती पडावेत.

फायर सीझनपूर्वीच्या जिल्हा बैठकांत मी बसलो आहे. नकाशे, जाळरेषांची लांबी, पावडी-कोयत्यांची संख्या, नियंत्रण कक्षाचा क्रमांक, सर्व काही टिपणात असते. अशाच एका बैठकीत एका वयोवृद्ध वनपंचायत सरपंचांनी अतिशय नम्रपणे विचारले होते, की आगीच्या दिवशी सरकार पंचायतीला आपले मानते, तर लाकडाच्या लिलावाच्या दिवशी का मानत नाही? सभागृहात कोणी उत्तर दिले नाही आणि इतिवृत्तातही तो प्रश्न आला नाही. माझ्या मते तोच त्या बैठकीतील एकमेव महत्त्वाचा मुद्दा होता. १९२१ च्या समितीने असे प्रश्न निदान लिहून तरी घेतले होते.

म्हणून, धोक्याच्या प्रत्येक पत्रकात तापमान, ओलावा व वारा यांच्या रकान्यांपुढे आणखी तीन रकाने असावेत, असे मला वाटते. आज या रानात कोण जाणार? त्याला परत बोलावण्याचा अधिकार कोणाला? आणि रान वाचल्यास त्यात त्याचा वाटा कोणता? पहिल्या दोन रकान्यांची पूर्तता जिल्हा प्रशासन एका आदेशाने करू शकते. तिसऱ्यासाठी १९३१ च्या वनपंचायतींना त्यांचे अधिकार व उत्पन्न परत द्यावे लागेल. उपग्रह आकाशातून ३७५ मीटरचा चौकोन दाखवतो. त्या चौकोनात पाऊल टाकणाऱ्या माणसाला ते रान आपले वाटते की नाही, हे मात्र जमिनीवरच ठरते.